पांढऱ्या कागदाखालचं नाव

बेरीच्या मंडईत चीजवाल्याच्या गाळ्यापुढे नेव्हिल हिंडल रांगेत उभा होता, आणि त्याच्या पुढच्या बाईनं मान वळवली तेव्हा ती त्याच्या जुन्या मित्राची, डेसची मुलगी लिन्झी निघाली. तोंड चुकवायला आता जागाच नव्हती. मागे ढकलगाडी घेतलेली एक म्हातारी, बाजूला अंड्यांचे ट्रे. डेसची फुप्फुसं कामातून गेल्याचं कळल्यापासून नेव्हिल त्याच्याकडे एकदाच जाऊन आला होता, आणि तेही दारातल्या दारात. पुढच्या आठवड्यात येतो, असं फोनवर म्हणायचा आणि पुढचा आठवडा आला की त्याचा गुडघा दुखायला लागायचा.

"बरं झालं भेटलात, नेव्हकाका," ती म्हणाली. "बाबा रोज तुमचं नाव काढतायत. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यांनी अंत्यविधीचं सगळं ठरवून ठेवलंय. पेटी साधी, सँडविचमध्ये हॅम हवंच, आणि निघायच्या वेळी तुम्ही दिलेली ती रेकॉर्ड लावायची. तुम्हीच लावायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर उठून बसेन म्हणालेत."

"कुठली रेकॉर्ड?" नेव्हिलनं विचारलं. कुठली ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"कुठली काय? भिंतीवर फ्रेममध्ये आहे ती. लहानपणी आम्ही बोट लावलं की फटका मिळायचा. नेव्हनं दिलीय म्हणे, जसं काही राणीनंच दिलीय." ती हसली, मग हसणं तिथंच सोडून म्हणाली, "रविवारी दुपारी या हं, नक्की. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मला विचारू देत नाहीत. ते माझं आणि नेव्हचं आहे, म्हणतात."

ती गेली. चीजवाला विचारत होता, भुसभुशीत देऊ की मलईदार, आणि नेव्हिल नुसता त्याच्या सुरीकडे बघत होता. शेवटी मागच्या म्हातारीनं त्याच्या पाठीत कोपर लावलं, तेव्हा त्यानं भुसभुशीत म्हटलं. त्याला भुसभुशीत आवडत नसे.

बसच्या वरच्या मजल्यावर तो अगदी पुढे बसला. लहानपणापासूनची सवय. काचेतून गिरणीचं एक उरलेलं धुराडं दिसलं आणि गेलं. डेसला काहीतरी सांगायचंय. म्हणजे त्याला कळलं. कसं कळलं, कुणी सांगितलं? सांगणारा कुणी नव्हताच. त्या गोष्टीचा जगात एकच साक्षीदार होता आणि तो या बसमध्ये मांडीवर चीज घेऊन बसला होता. तरीही मानेपासून कानापर्यंत काहीतरी गरम चढत गेलं आणि नाकात तो वास आला. जळक्या प्लास्टिकचा. गेली चाळीस वर्षं हा वास त्याला कुठेही गाठतो. न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बायको घर सोडून जात होती आणि दारात उभी राहून बोलत होती तेव्हा. ती म्हणाली होती, "तुला लाज म्हणून काही आहे का?" त्याला म्हणावंसं वाटलं होतं, आहे ग, भरपूर आहे, फक्त ती दुसऱ्याच कशाची तरी आहे.

चाळीस वर्षांपूर्वी तो आणि डेस विशीत होते. डेस गिरणीत पिंजणखात्यात, नेव्हिल गॅसच्या ऑफिसात बिलं लिहायला. आणि रविवारी दुपारी बिलियर्डच्या दुकानावरचा तो एम्प्रेस हॉल, तिथे रेकॉर्डी लावायला नेव्हिल. खिडक्यांना काळे पडदे, बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत अंधार, जमिनीवर बूट सरकावेत म्हणून टाल्कम पावडर सांडलेली, आणि तीनशे अंगांची वाफ छताला लागून परत खाली ठिबकायची. दारू नाही, मुली पटवणं नाही, नुसतं नाचणं. गाणी अमेरिकेतल्या काळ्या गायकांची, डेट्रॉइटची, शिकागोची, तिकडे दहा वर्षांपूर्वी कुणी विकत न घेतलेली आणि गोदामांत कुजत पडलेली. तिकडे पडलेली तीच इकडे देवासारखी. जे गाणं सगळ्यांकडे आहे त्याला किंमत नव्हती. एका माणसाकडे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, असंच गाणं हवं असायचं. आणि असं गाणं मिळालं की ते झाकायचं, ही रीतच होती. रेकॉर्डच्या मधल्या लेबलावर पांढरा कागद डकवायचा, त्यावर गायकाचं खोटंच नाव लिहायचं, म्हणजे स्टोकचे, ब्लॅकपूलचे रेकॉर्डी लावणारे वाकून वाकून बघतात त्यांना काही पत्ता लागायला नको. लोक मग ते खोटं नावच घेऊन नाचायचे, खोट्या नावाचे बिल्ले शिवून पिशव्यांवर लावायचे. त्यात कुणाला गैर वाटत नसे. नेव्हिललाही नाही. बोल्टनच्या एका गोदामात, भिजलेल्या खोक्यांच्या तळाशी त्याला ती मिळाली होती. निळं लेबल, पिवळी अक्षरं, अल्विन प्रिचेट. घरी आणून सुई टेकवली आणि पहिल्या ढोलालाच त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं कात्री आणि डिंक घेतला. डॅनी हे त्यांच्या दूधवाल्याचं नाव आणि फेअरचाइल्ड ही गल्लीच्या टोकाची शाळा. झाला डॅनी फेअरचाइल्ड. गाण्याचं खरं नाव गाण्यात कुठेच येत नव्हतं, ते आणखीच बरं झालं.

त्या एका गाण्यानं नेव्हिल हिंडल हा कुणीतरी झाला. ग्लासगोहून बस भरून पोरं यायची. भिंतीवरच्या पत्रकात त्याचं नाव ठळक आणि खाली, फेअरचाइल्ड फक्त इथेच. आणि ते गाणं लागलं की हॉलच्या मधोमध डेस. असा नाचणारा पुन्हा झाला नाही. सुकडा, कान मोठे, तोंडात दात मोजके, पण तो ढोल सुरू झाला की बाकीचे आपोआप मागे सरायचे. गिरकी घ्यायचा, पाठीवर पडायचा, हाताच्या एका ठोक्यावर परत उभा, आणि तोंडावर देवळात गेल्यासारखी शांती. नेव्हिल मंचावरून बघायचा आणि त्याला वाटायचं, हे मी करतोय. सुई मी टेकवली म्हणून तो उडतोय. चाळीस वर्षांनी, बसच्या पुढच्या बाकावर, हे आठवलं की आधी अजूनही सुख होतं आणि मग लगेच दुसरं.

त्या रविवारी डेस त्याला जिन्यात भेटला. केस ओले, हातात बाजाराची कागदी पिशवी. ओल्डहॅमच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून थेट आला होता. पिशवीतून त्यानं रेकॉर्ड काढली. निळं लेबल. पिवळी अक्षरं. नेव्हिलनं ती लगेच ओळखली. वर नेव्हिलच्या रेकॉर्डींच्या पेटीत हिचीच जुळी बहीण पांढरा कागद ओढून बसली होती आणि अर्ध्या तासानं हाच डेस तिच्यावर गिरक्या घेणार होता.

"कशी आहे रे?" डेसनं विचारलं. "स्टोकचा तो लांब केसांचा आहे ना, तो हिच्या मागावर आहे म्हणे. नाव घेऊन विचारत होता."

नाव घेऊन. म्हणजे स्टोकला कळलंय. म्हणजे आज ही रेकॉर्ड डेसच्या घरी जाईल, तो सुई टेकवेल, पहिला ढोल वाजेल आणि संपलं. पत्रक संपलं, ग्लासगोची बस संपली. नेव्हिलनं रेकॉर्ड उजेडात धरली, तिरकी केली, तज्ज्ञासारखी भुवई चढवली. हे सगळं त्याच्या हातांनी केलं. तो त्या वेळी कुठे होता कोण जाणे.

"भरताड आहे," तो म्हणाला. "संथ गाणं, व्हायोलिनं आणि रडारड. स्टोकच्याला काय कळतंय. पण मी या निळ्या लेबलचा संच जमवतोय, एवढी कमी आहे. बदली करतोस?" आणि त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एकत्र गाणाऱ्या तीन बहिणींची एक रेकॉर्ड काढून दिली. बरी होती ती, सगळ्यांना आवडायची. नेव्हिलकडे तिच्या आणखी दोन होत्या.

"खरंच?" डेस म्हणाला. "मग पक्कं ना? नंतर मागायची नाही." त्यानं रेकॉर्डच्या पाकिटाचा मुका घेतला. मग वर गेल्यावर तो फेअरचाइल्डवर असा नाचला की लोकांनी टाळ्यांचा ताल धरला, आणि नेव्हिलच्या पायाशी पिशवीत तेच गाणं गप्प पडून होतं.

दुसऱ्या दिवशी आई मागच्या दारी कपडे वाळत घालत असताना त्यानं ती मोडली. असं करणारे इतरही होते. दुसरी प्रत सापडली की मोडायची, म्हणजे पहिली एकटी राहते. पण ते आपली मोडायचे. हातात धरून वाकवली आणि ती बिस्किटासारखी तुटली. तुकडे शेगडीत टाकले. काळा, चिकट धूर उठला, अल्विन प्रिचेटची पिवळी अक्षरं फुगून आली आणि आत गेली. आई धावत आत आली, खिडकी उघडली, म्हणाली, "काय जाळलंस रे मेल्या?" तो म्हणाला, "कंगवा."  घरात दोन दिवस तो वास होता. मग घरातून गेला.

नंतरची गंमत अशी की त्या नादातले लोक म्हातारे झाले तसे प्रेमळ झाले. त्यांनी अमेरिकेत फोन लावले, ज्यांच्या रेकॉर्डी झाकून ठेवल्या होत्या त्या माणसांना शोधून काढलं. कुणी बसचा ड्रायव्हर झालेला, कुणी चर्चमध्ये झाडू मारणारा. त्यांना विमानानं आणलं, चकचकीत सूट घालून स्टेजवर उभं केलं आणि पाचशे टकल्यांनी त्यांची गाणी पाठ म्हणून दाखवली. ते रडायचे. सगळे रडायचे. नेव्हिल मागे भिंतीशी उभा राहायचा आणि कुणीतरी हमखास कोपरखळी मारायचं, "काय रे हिंडल, तुझा डॅनी कधी आणतोस? की त्याचं लेबल अजून निघत नाही?" तो हसून म्हणायचा, "मेला असेल." अल्विन प्रिचेटला त्यानं असा कितीतरी वेळा मारला. नाव सांगितलं असतं तर चार दिवसांत कुणीतरी त्याचा पत्ता काढला असता. पण नाव सांगितलं तर ते डेसच्याही कानावर जाणार, आणि डेसनं ते लेबल हातात धरलं होतं. झाकलेलं राहिलं की सगळंच झाकलेलं राहतं. आणि डेस मात्र दर नाताळला, दर लग्नात, भेटेल त्याला सांगायचा, या माणसानं मला काय दिलं माहितेय? नेव्हिल तिथून उठून बाहेर जाऊन उभा राहायचा. सिगरेट सुटली तरी बाहेर जाणं सुटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यानं रेकॉर्डींची पेटी उघडली. पांढरा कागद पिवळट झाला होता, डॅनी फेअरचाइल्ड ही त्याचीच विशीतली अक्षरं, डौलदार, शहाणी. त्यानं किटली ठेवली आणि वाफेवर कागदाचा एक कोपरा धरला. रेकॉर्डला वाफ लागू नये म्हणून भोवती जाड पुठ्ठा. डिंक सैल झाला, कोपरा उचलला गेला, खाली निळा रंग दिसला. तेवढंच केलं. बाकीचा कागद डेससमोर ओढायचा. बोलायला लागलो तर मी बोलण्यात फिरवीन, हे त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. कागद ओढायचा आणि रेकॉर्ड त्याच्या हातात द्यायची. ती एकच उरलीय आणि ती तुझी आहे. त्याला कळलेलं असो नसो. रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीही लाज वाटली.

डेसचा पलंग पुढच्या खोलीत आणला होता, खिडकीपाशी. नाकाला नळी. अंगाचं काही उरलं नव्हतं, कान तेवढे होते. उशाशी जुना रेकॉर्ड प्लेयर, आणि भिंतीवर फ्रेममध्ये त्या तीन बहिणी.

"आलास," डेस म्हणाला. "गुडघा कसाय?"

"बराय."

"तोंड का असं? मरतोय मी. तुला काय झालं?"

लिन्झीनं चहा आणून ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. नेव्हिलनं पिशवी मांडीवर घेतली, आत हात घातला. अंगठ्याला तो सुटलेला कोपरा लागला. "डेस," तो म्हणाला, "एक गोष्ट आहे."

"थांब. आधी मी. माझा दम पुरायचा नाही." डेसनं दोन श्वास जमवले. "ती बदली आठवते? जिन्यातली?"

नेव्हिलनं पिशवीतला हात तसाच ठेवला. तो म्हणाला, "हो."

"मी तुला फसवलं रे." डेस छताकडे बघत होता. "स्टोकचा कुणी माझ्याशी बोललाच नव्हता. तसल्या लोकांना मी कुठे माहीत? ती निळी रेकॉर्ड भंगारवाल्यानं फुकट दिली होती, मी किटली विकत घेतली तिच्यासोबत. मला ठाऊक होतं ती भिकार असणार. नाव सुद्धा लक्षात आहे बघ, अल्विन प्रिचेट. म्हटलं, स्टोकचं नाव सांगितलं की नेव्ह घेईल. आणि तू घेतलीस. वर तोंडावर सांगितलंस की भरताड आहे, आणि तरी तुझी चांगली काढून दिलीस." त्याला खोकला आला. नेव्हिलनं पाण्याचा पेला धरला. एक घोट पिऊन डेस म्हणाला, "पुढे कितीतरी दिवस तू माझ्याशी धड बोलत नव्हतास. बाजूनं निघून जायचास. मी म्हटलं, घरी जाऊन ऐकली असणार, कळलं असणार त्याला. पण तू एका शब्दानं बोलला नाहीस. कधीच नाही. मी जगभर सांगत सुटलो की नेव्हनं दिली, नेव्हनं दिली. ती सगळी लाज होती रे. दुसरं काही नाही."

खिडकीबाहेर शेजारचा माणूस गाडी धूत होता. नेव्हिलला पाण्याची नळी ऐकू येत होती. स्टोकचा कुणी नव्हताच. ज्याच्या भीतीनं ती निळी रेकॉर्ड मोडली, तो माणूस डेसनं एका रेकॉर्डीसाठी जिन्यात उभ्या उभ्या बनवला होता. त्याला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. आता बोलायचं. आत्ता. कागद ओढायचा. पण डेसनं मान वळवली होती आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते डोळे इतके नेव्हिलच्या तोंडावर लागले होते की त्याला वाटलं, आता खरं सांगितलं तर या माणसाची चाळीस वर्षांची लाज एका क्षणात फुकट जाईल आणि दुसरं काहीतरी घेऊन त्याला मरावं लागेल. हे त्याला वाटलं, आणि वाटत असतानाच कळलं की हे सोयीचं आहे.

"माफ कर, नेव्ह," डेस म्हणाला. "तेवढंच सांगायचं होतं."

"केलं," नेव्हिल म्हणाला. "केव्हाच केलं होतं रे. सोड ते."

डेसनं डोळे मिटले. त्याचा चेहरा सैल झाला, हॉलच्या मधोमध नाचताना व्हायचा तसा. नेव्हिलनं चहाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तू काय म्हणत होतास?" थोड्या वेळानं डेस म्हणाला. "एक गोष्ट आहे म्हणालास. पिशवीत काय आहे?"

"डॅनी आणलाय. म्हटलं, ऐकशील."

"अरे देवा," डेस अगदी हळू म्हणाला. "लाव."

नेव्हिल त्याच्याकडे पाठ करून रेकॉर्ड प्लेयरपाशी उभा राहिला. रेकॉर्ड काढली. कोपरा उभाच होता आणि त्याखालून निळं दिसत होतं, पिवळ्या अक्षराचं एक टोकही. त्यानं अंगठा जिभेला लावला आणि कोपरा दाबून बसवला, टपालाचं तिकीट बसवावं तसा, चांगला घट्ट. मग सुई टेकवली.

पहिला ढोल वाजला. तो आवाज, त्या माणसाचा, कुठल्यातरी दूरच्या खोलीत एकदाच गायलेला, या खोलीत आला. नेव्हिलनं मागे वळून पाहिलं. पांघरुणाखाली डेसचे पाय हलत होते. उजवा, डावा, उजवा, आणि जिथे गिरकी यायची तिथे दोन्ही टाचा जुळून किंचित फिरल्या. लिन्झी दारात येऊन उभी राहिली, हातात फडकं, आणि बापाच्या पायांकडे बघत राहिली.

"खरं नाव काय रे याचं?" डेस म्हणाला. डोळे मिटलेलेच. "आता सांगायला काय हरकत आहे? मी कुणाला सांगणार? वर भेटला तर नावानं हाक मारीन म्हणतो. त्याला सांगेन, आम्ही एम्प्रेसवाले तुझ्यावर नाचलो."

नाव जिभेवर होतं. ते डेसनंच आत्ता घेतलं होतं, याच खोलीत, चहा गरम होता तेव्हा. नेव्हिलनं तोंड उघडलं.

"हर्बर्ट," तो म्हणाला. "हर्बर्ट विंटरटन." गॅसच्या ऑफिसातल्या त्याच्या साहेबाचं नाव होतं ते.

"हर्बर्ट विंटरटन," डेसनं म्हणून पाहिलं. "छान आहे. गवयाचं वाटतं." मग त्यानं लिन्झीला जवळ बोलावलं. "ऐक ग. हर्बर्ट विंटरटन. मी विसरलो तर आठवण कर मला."

"हर्बर्ट विंटरटन," लिन्झी म्हणाली. "करते, बाबा."

गाणं संपलं. सुई शेवटच्या रेघेत टिकटिक करत फिरत होती आणि ती उचलायला कुणी उठलं नाही. डेस ओठ हलवत ते नाव पाठ करत होता, आणि मध्येच अडलं की नेव्हिलकडे बघत होता, आणि नेव्हिल त्याला सांगत होता.